फुटाण्याला कोंब का येत नाही?

आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावरची एक मुलगी मला काकू म्हणते. तिचा मुलगा सीनियर केजीत. परवा ती हातात एक कागद घेऊन आली. कागदावर दोन खाने, वर 'लिव्हिंग' आणि 'नॉन-लिव्हिंग', खाली चित्रं: मांजर, खुर्ची, झाड, बस, सूर्य, अंडं, सफरचंद. चित्रं कापून ज्या-त्या खान्यात चिकटवायची. पोरानं सूर्य सजीवांत चिकटवला होता आणि झाड निर्जीवांत. दोन्हींवर लाल फुल्या. "काकू, तुमचं आयुष्य लहान मुलांत गेलं. हे याच्या डोक्यात कसं घालू, सांगा."

मी आधी त्या कागदाकडेच बघत बसले. सफरचंद कुठल्या खान्यात? शाळेच्या मते सजीव. झाडावरचं की फ्रिजमधलं? आणि चावा घेतलेलं? अंडं कुठलं, गावठी कोंबडीखालचं की पोल्ट्रीचं, ज्यातून जन्मात पिल्लू निघायचं नाही? खुर्ची लाकडाची असेल तर ती एकेकाळी सागाचं झाड होती, त्याचं काय? जाणत्या माणसांनी चहाचे दोन कप संपेपर्यंत वाद घालावा असे प्रश्न पाच वर्षांच्या पोराला सुटले नाहीत, म्हणून आई रडकुंडीला आलेली.

मी रत्नागिरी जिल्ह्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. आता निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलाकडे असते. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तीन ते सहा वयात सजीव-निर्जीव हा 'धडा' शिकवायचा नसतो. मुलासमोर काहीतरी जिवंत ठेवायचं, ते वाढू द्यायचं, वेळ आली तर मरू द्यायचं आणि मूल जे विचारील त्याला खरं उत्तर द्यायचं. खाने त्यानंतरही पाडता येतात.

मुळात मुलं या बाबतीत कोरी पाटी नसतात. चावीची गाडी फरशीवर सोडा. ती थांबली की तीन वर्षांचं पोर गाडी उचलून मोठ्या माणसाकडे येतं, चावी दे म्हणतं. मुंगळा थांबला तर त्याला उचलून कोणाकडे आणत नाही, काडीनं डिवचतं. त्याला ठाऊक असतं की याची चावी याच्यातच आहे. अमेरिकेत क्रिस्टीन मॅसी आणि रोचेल गेलमन या दोघींनी १९८८ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना फोटो दाखवले. कधी न पाहिलेले प्राणी, प्राण्यांसारखे दिसणारे पुतळे, चाकांच्या वस्तू. यातलं कोण आपलं आपण टेकडी चढून जाईल? बहुतेक मुलांनी बरोबर सांगितलं. पुतळ्याला पाय आहेत म्हणून ती फसली नाहीत.

मग सूर्य सजीव कसा झाला? तर तो रोज आपला आपण येतो, आपला आपण जातो. त्याला कोणी ढकलताना दिसत नाही. पोराचा नियम पक्का होता, उदाहरण अडचणीचं होतं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेनं १९२६ च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या अशाच उत्तरांतून चार पायऱ्या मांडल्या. आधी मुलाला काहीतरी काम करणारी प्रत्येक गोष्ट जिवंत वाटते, मग हलणारी, मग आपोआप हलणारी, आणि शेवटी, शाळेची बरीच वर्षं झाल्यावर, फक्त प्राणी आणि वनस्पती. पियाजे मोठा माणूस, त्याच्याशी मी काय भांडणार. पण तो विचारायचा सूर्याबद्दल, वाऱ्याबद्दल, ढगाबद्दल. म्हणजे मुलाच्या हाताला न लागणाऱ्या गोष्टींबद्दल. मांजर आणि चमचा असा प्रश्न केला की हेच मूल एकदम शहाणं होतं. आपल्या शाळांनी पियाजेचं नाव घेतलं आणि नेमका सूर्यच उचलला.

हाताला लागणारी गोष्ट म्हणजे काय, तर खपली. अंगणवाडीत गेलं की पोरं आधी खाऊ बघतात आणि मग आपल्या गुडघ्याची खपली दाखवतात. खपलीइतकी अभिमानाची वस्तू या वयात दुसरी नाही. लांजा तालुक्यातल्या एका वाडीत एक सेविका होती. शिक्षण बेताचं, पण डोकं विलक्षण. ती खपली दाखवायला आलेल्या पोराला विचारायची, "ही शिवली कोणी?"

"कोणी नाय."

"मग भरली कशी?"

"आपोआप."

"आणि माझ्या गाडीला खरचटलंय त्याला खपली कधी धरायची?"

पोरं हसून लोळायची. गाडीला खपली! मग ती सगळ्यांना मागच्या फणसापाशी न्यायची. त्याच्यावर कोणीतरी कोयत्यानं घाव घातला होता. ताजा होता तेव्हा पांढरा चीक गळत होता, सगळ्यांनी बोटं चिकटवून घेतली. पावसाळा सरताना त्या घावाच्या कडा जाड होऊन आत वळायला लागल्या. एक मुलगी स्वतःच्या गुडघ्याकडे आणि झाडाकडे आळीपाळीनं बघत होती. 'झाड सजीव आहे' हे वाक्य त्या अंगणात कोणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

मला पुढे वाचताना कळलं की १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अगदी हेच तपासलं होतं. प्राण्याला, झाडाला आणि वस्तूला इजा झाली तर कोण आपोआप भरून येईल आणि कोणाला माणसानं दुरुस्त करावं लागेल? चार वर्षांच्या मुलांना हा फरक कळत होता, झाडांच्या बाबतीतसुद्धा. 'झाड जिवंत आहे का' म्हटलं की गडबडणारी मुलं 'झाडाची जखम भरेल का' म्हटलं की बरोबर सांगतात. प्रश्न बदलला की पोर हुशार होतं, हे कोणत्याही सेविकेला माहीत असतं.

याउलट शाळा काय करते? लक्षणं पाठ करून घेते. सजीव हालचाल करतात, श्वास घेतात, अन्न घेतात, वाढतात, पिल्लं देतात. आता चुलीतला विस्तव बघा. हलतो, लाकूड खातो, फुंकर नाही मिळाली तर विझतो, वाढतो, आणि एका ठिणगीतून दुसरा विस्तव पेटतो. सगळी लक्षणं पास. आंब्याचं झाड मात्र हलत नाही, त्याचा श्वास दिसत नाही, जेवताना कोणी पाहिलेलं नाही. लक्षणांच्या यादीनं निवाडा करायचा तर मूल विस्तव सजीव आणि आंबा निर्जीव म्हणणारच. मग आपण त्याला 'झाडंसुद्धा श्वास घेतात' हे वाक्य घोकायला लावतो. ते घोकतं. त्याच्या लेखी ते वाक्य आणि 'मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे' हे वाक्य एकाच जातीचं.

लाजाळू तेवढी मुलांना लगेच पटते. कोकणात रस्त्याच्या कडेला पावलोपावली आहे. बोट लावलं की पानं मिटतात, म्हणजे ती आपल्यातली. जगदीशचंद्र बोसांनाही तिनं असंच वेड लावलं होतं. गंमत अशी की १९०२ सालच्या ज्या पुस्तकात त्यांनी सजीव आणि निर्जीव यांचे प्रतिसाद मांडले, त्यात स्नायू आणि वनस्पतींच्या जोडीला धातूही होते. धातूसुद्धा थकतात आणि विश्रांतीनं ताजे होतात, असे आलेख त्यांनी काढले. त्यांचं सगळं म्हणणं पुढे विज्ञानानं मानलं असं नाही. पण एवढा मोठा शास्त्रज्ञ ज्या कुंपणावर इतका वेळ बसला, त्यावरून सीनियर केजीच्या पोराला लाल फुली मारताना हात थोडा जड व्हायला हवा होता.

इथे आमच्या ओळखीतले एक निवृत्त विज्ञानशिक्षक माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, दोष आपल्या संस्कृतीचा आहे. चांदोबा मामा, चिऊताई, पोर पडलं की 'हात रे' म्हणत आजीनं उंबऱ्याला चापट मारायची, दसऱ्याला स्कूटरला हार घालायचा. अशा घरात सजीव-निर्जीव कळणार कसं? थोडा आधार त्यांना संशोधनातही मिळेल. जपानचे गियू हातानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जपान, इस्रायल आणि अमेरिका इथल्या मुलांची तुलना केली. जपानी मुलं निर्जीव वस्तूंनाही जीव देण्याकडे जास्त झुकलेली होती, आणि इस्रायली मुलं वनस्पतींना जिवंत म्हणायला कचरत होती. म्हणजे घरातलं बोलणं मुलांत उतरतं, हे खरं.

पण मग आमच्याकडची दुसरी गोष्टही मोजा. तिन्हीसांजेला फूल तोडायला गेलेल्या पोराला कोकणातली कुठलीही आजी दटावते, "हात लावू नको, झाडं झोपली." त्या मुलाला 'वनस्पती सजीव आहेत' हे वेगळं काय शिकवणार? झाडं आपल्यासारखी झोपत नाहीत हे ते पुढे वनस्पतिशास्त्रात शिकेल. झाडाला दुखवू नये हे मात्र ते आजीकडून आधीच घेऊन आलेलं असतं. उंबऱ्याच्या चापटीबद्दल मी शिक्षकांच्या बाजूची आहे. त्यातून पोर फक्त दुसऱ्यावर ढकलायला शिकतं.

आणि मुलांना खेळ आणि खरं यातलं अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा नीट कळतं. भातुकलीत बाहुलीला भात भरवणारी मुलगी स्वतःला भूक लागली की आईकडे येते, बाहुलीच्या ताटात हात घालत नाही. बाहुलीचं पोट भरलं का, असं गंभीरपणे विचारून बघा. ती तुमच्याकडे दयेनं बघून सांगते, "आजी, खोटं-खोटं जेवतेय ती."

मोठ्यांचंही तसंच चालतं. गणपतीची मूर्ती पेणहून खोक्यात येते तेव्हा ती शाडूची वस्तू असते; सांभाळून धर, फुटेल, म्हणून ओरडतो आपण. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की तिच्यासमोर आवाज चढवत नाही. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून किंचित हलवायची आणि मग पाण्यात सोडायची. घरातलं चार वर्षांचं पोर हे सगळं बघतं आणि त्याचा काही गोंधळ होत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१७ च्या मार्चमध्ये गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्या वर्षी नदीचं चित्र कुठल्या खान्यात चिकटवायचं होतं, हे त्या न्यायमूर्तींनाच विचारायला हवं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या वाट्यांकडे येते. तीन वाट्या. एकीत हरभरे, दुसरीत फुटाणे, तिसरीत अंगणातले खडे. हा प्रयोग माझा नाही, त्या खपलीवाल्या सेविकेचा. तिघांवर सारखंच पाणी घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी पोरं येऊन वाट्यांवर पडायची. हरभरे फुगलेले, फुटाणे फुगून मऊ पडलेले, खडे जसेच्या तसे. "खड्याला तहान नाय लागली," असा पहिला निष्कर्ष. मग तिन्ही ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडलं की हरभऱ्याला पांढरं टोक आलेलं. "शेपटी फुटली!" फुटाण्यांना वास यायला लागलेला. खड्यांचं कोणाला काही नव्हतं, ते कधीच अंगणात परत भिरकावले गेले होते.

खरी गडबड फुटाण्यापाशी व्हायची. तो दिसतो हरभऱ्यासारखा. पाणीही प्यायला. मग शेपटी का नाही? एका मुलीचं म्हणणं, त्याला आणखी झोपू दे. एकाला वाटलं, पाणी कमी पडलं. शेवटी दारात बसलेलं एक पोर म्हणालं, "भाजलाय ना तो. मेला." त्याच्या घरी भट्टी नव्हती, पण काजू भाजताना त्यानं पाहिलं असावं. सगळी पोरं गप्प झाली आणि मग कोणीतरी विचारलं, "म्हणजे आधी जिवंत होता?"

छापील कागदावर हा प्रश्न येऊच शकत नाही, कारण तिथे खाने दोनच. कधीच जिवंत नसलेलं आणि आता जिवंत नसलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडा मरत नाही. फुटाणा मेलेला आहे. लाकडी खुर्ची, कापसाचं फ्रॉक, ताटातला भात, सुकट, सगळं या तिसऱ्या घरातलं. आणि कोरडा हरभरा चौथ्या घरातला म्हणा हवं तर: डब्यात महिनोन्महिने निपचित पडून राहिलेला, पण पाण्याची वाट बघणारा. इस्रायलमध्ये मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं खजुराचं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी २००५ साली रुजलं. इतकी शतकं ते बी कोणीही निर्जीवांच्या खान्यात चिकटवलं असतं.

मरणाबद्दल मात्र आपण मोठी माणसं फार पळपुटी आहोत. शहरात फिशटँकमधला मासा मेला की पोर शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा आणून सोडायचा, ही आता सर्रास पद्धत झाली आहे. ज्या माशानं शिकवायचं तोच बदलून टाकला. जपानमध्ये कायोको इनागाकी यांनी १९९० साली घरी गोल्डफिश सांभाळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मासा न पाळलेल्या मुलांपेक्षा ही मुलं बेडकाबद्दलही बरोबर अंदाज बांधत होती. बेडकाचं पिल्लू कायम एवढंच ठेवता येईल का, तर नाही, माझा मासाही मोठा झाला. खाऊ घालणं, पाणी बदलणं, रोज बघणं, यातून हे आलं. मासे विकणाऱ्या दुकानात फिरवून आणल्यानं येत नाही.

कोकणात पावसाळ्यात पैसा नावाचा किडा निघतो. हात लावला की गोल वेटोळं करून पडतो. पोरं विचारतात, "बाई, ह्यो मेला काय?" तिथे घाईनं 'नाही रे, लाजला' म्हणायचं नाही. थांबायचं. उठला तर जिवंत. नाही उठला, मुंग्या लागल्या, तर मेला, आणि तसं सांगायचं. झोपला नाही, गावाला गेला नाही, बाप्पाकडे पाठवला नाही. आजोबा झोपलेत असं ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं, हे मी घरोघरच्या भेटींत पाहिलं आहे. मेलेला परत येत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. ही तीन वाक्यं पाच वर्षांच्या मुलाला झेपतात. घरच्यांना श्रद्धेचं जे सांगायचं ते त्यानंतर सांगावं.

यातलं नवं काहीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अंगणवाडी ही कल्पनाच तिथली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. वारल्यांच्या मुलांना किडा, पाखरू, बी यांबद्दल बाईंपेक्षा जास्त माहिती असायची, आणि त्या बाईंना त्याची लाज वाटत नसे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये आली, अंगणवाडी देशभर पोचली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत म्हणून वेगळा काढला, खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर सगळं झकास आहे.

अंगणात मात्र सेविकेच्या हातात मोबाइल असतो. पोषण ट्रॅकरवर हजेरी, वजन, उंची, आहार. नेट नसेल तर टेकाडावर जाऊन. त्यात गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, आणि निवडणूक आली की मतदारयाद्या. फणसाचा घाव भरायला किती महिने लागतात ते मुलांबरोबर बघत बसणं हे काम कुठल्याच रकान्यात भरता येत नाही, म्हणून ते होत नाही. शहरातल्या केजीत उलटा प्रकार. तिथे वेळ आहे, पैसा आहे, पण आईवडिलांना दर शुक्रवारी पिशवीतून काहीतरी छापील घरी आलेलं दिसलं पाहिजे. कुंडीतलं रोप पिशवीतून घरी पाठवता येत नाही. मुलानं आज अर्धा तास मुंग्या बघितल्या, असं शाळेनं कळवलं तर पालकच फी परत मागतील.

म्हणून पाचव्या मजल्यावरच्या मुलीला मी सांगितलं, की त्या फुल्यांसाठी शाळेशी भांडू नको, पोराला सूर्य निर्जीव म्हणायला शिकव आणि मोकळी हो; परीक्षेपुरतं तेवढं चालतं. पण शनिवारी रात्री वाट्या मांड. खडे मोठे घे. हरभरे मोजून दे आणि मोजून परत घे, कारण या वयाची मुलं ते नाकात घालतात, आणि नाकात गेलेला हरभरा ओलाव्यानं फुगतो, मग डॉक्टरकडे धावावं लागतं. फुटाणे मात्र जरा जास्तच आण. भिजत घालायच्या आधी निम्मे पोटात गेलेले असतात.